जागेची पाहणी

नकाशावर आधी विहिरी काढल्या.
प्रत्येक विहिरीभोवती एक कडं.
संगणक त्याला वेगळं नाव देतो,
मी कडंच म्हणते,
तान्ह्या बाळाच्या पायात घालतात तसं.
मग नदीला, खाडीला, शाळेला, महामार्गाला.
आंब्याच्या कलमांना नियमात कडं नाही,
पण कलमवाल्यांचा अर्ज आला, म्हणून त्यांनाही.
वारा नैर्ऋत्येचा.
म्हणजे वास कुणाच्या ओटीवर जाणार
तेही एका बाणाने दाखवलं.

शेवटी कागद भरला
आणि मधे उरला एक पांढरा तुकडा,
नखाएवढा:
वेताळाचा सडा.
मुख्याधिकारी म्हणाले, आहे की जागा!
पडीकच तर आहे. नुसता कातळ.

त्यांचंही खोटं नव्हतं.
खाडीकाठचा आत्ताचा ढीग
रोज थोडा जळतो, थोडा तिवरांत सरकतो.
भरतीला चपला तरंगतात,
कधीकधी जोडीनं.
दोन वर्षांत बसस्टँडमागे आठ इमारती उभ्या राहिल्या.
जाहिरातीत सगळ्यांना समुद्र दिसतो.
ढीग मागच्या बाजूला येतो,
संडासाच्या खिडकीतून.

भादव्यात सड्यावर चढलो,
मी आणि शिपाई इरफान होडेकर,
टेप, जीपीएस, बिस्किटांचा पुडा.
पडीक म्हणतात ती जमीन
सीतेच्या आसवांनी निळी झाली होती,
पाय कुठे ठेवायचा कळेना.
कातळात कुणी कधी खोदलेला एक मासा
पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरला होता,
शेपटीपाशी बकऱ्यांच्या लेंड्या.
उतार: कमी. घरं: नाहीत. मोठी झाडं: नाहीत.
मी खुणा करत गेले.
माशासाठी रकाना नव्हता.

बकऱ्यांची मालकीण तानूबाय आग्रे
बराच वेळ नुसती बघत होती.
मग म्हणाली, बाय, हितं ये.
करवंदीच्या जाळीत एक भोक,
घागर जाईल एवढं.
सड्याचं सगळं पाणी घुटघुट करत
त्यात उतरत होतं.
"आमच्या सासऱ्यानं ह्यात एकदा सूपभर कोंडा टाकलान.
तिसऱ्या दिशी खालच्या कोंडात
समद्या बायांच्या हंड्यात कोंडा!
काय शिव्या खाल्लान त्यानं."
आणि हसली, दात नसलेलं, लांबलचक.

अहवालात सासऱ्याची साक्ष चालत नाही.
इरफाननं गिरणीतून गोणभर कोंडा आणला,
गाडीभाडं मी माझ्या पर्समधून दिलं.
पहिल्या दिवशी झऱ्यावर काही नाही.
दुसऱ्या दिवशी काही नाही,
मला जरा बरंच वाटलं, खरं सांगते,
पांढरा तुकडा वाचतो म्हणून.
तिसऱ्या दिवशी शाळेला निघालेल्या एका पोरीनं
ओंजळीनं चूळ भरली
आणि थू करून जीभ बोटानं पुसली.
बोटावर भाताचा कोंडा.

झरा सड्यापासून दीड किलोमीटर.
कडं मी झऱ्याभोवती काढलं होतं,
ते इथे, करवंदीच्या जाळीभोवती काढायला हवं होतं.
नियमातलं अंतर आडवं जातं.
जांभ्यातलं पाणी उभं.

शेवटचं कडं काढलं.
कागदावर पांढरं काही राहिलं नाही.
मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल दोनदा वाचला,
चष्मा काढला.
मग कुठे? म्हणाले.
रागावून नव्हे. वाट हरवलेला माणूस
विचारतो तसं.
मी गप्प. खाली आवारात
भरलेली गाडी इंजिन चालू ठेवून उभी.

घरी त्या दिवशी कोलंबी होती.
सकाळी घंटा वाजली तेव्हा
सालं, टरफलं, दुधाच्या पिशव्या, बाळाचा डायपर
सगळं एकातच कोंबून मी खाली धावले.
गाडीवरचा मोहन ओळखीचा.
पिशवी घेता घेता म्हणाला,
मॅडम, मिळाली का जागा?

पिशवी अजून माझ्या हातात होती.
मी तिची गाठ सोडली.
त्याला म्हटलं, थांब जरा.
मागे दुसऱ्या बिल्डिंगवाल्यांनी
हॉर्न द्यायला सुरुवात केली.